नवतप्यात ऐकू येणारी गाडी

उन्नती रामटेकेला गाडीची धडक बसली ती मे महिन्यात, भर दुपारी, नागपूरच्या सदर भागातल्या तिच्या रोजच्या गल्लीत. मनगटाचं हाड मोडलं. पण हाडापेक्षा तिला जास्त लागलं ते दुसऱ्या दिवशी एका भल्या माणसाने अगदी गोड आवाजात म्हटलेलं एक वाक्य.

उन्नती जन्मापासून आंधळी. कामठीला आईबरोबर, यमुताईंबरोबर राहायची, सदरच्या एका बँकेत अधिकारी होती आणि सुटीच्या दिवशी अंध मुलींच्या क्रिकेट संघात सलामीला खेळायची. या क्रिकेटमधला चेंडू प्लास्टिकचा असतो, आत छर्रे भरलेले. तो जमिनीलगत खुळखुळत येतो आणि त्या आवाजावरून बॅट फिरवायची असते. उन्नतीचा स्वीप बसला की क्षेत्ररक्षक नुसत्या उभ्या राहायच्या. तिची जोडीदार पिंकी सगळ्यांना सांगत सुटायची, "बॉल हातातून सुटायच्या आधीच उन्नतीले आवाज येते."

बस थांब्यापासून बँकेपर्यंतची गल्ली तिला पाठ होती. शिंप्याच्या मशीनची खडखड, इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास, मग औषधाच्या दुकानाची पायरी आणि लगेच वळण. आईने सोबत यायचं नाही, हा दंडक तिने नोकरीच्या पहिल्याच दिवशी घातला होता. यमुताईंनी तो पाळला, पण रोज बस सुटेपर्यंत त्या थांब्यावर उभ्या असायच्या आणि उन्नतीला ते माहीत होतं.

त्या दिवशी सरावासाठी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. ऊन असं की काठीची मूठ हाताला चटका देत होती. डोक्याला, कानांना, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत कूलर घरघरत होते. कोपऱ्यावर ती थांबली. एक ऑटो गेला, त्यामागे एक स्कूटर गेली. मग कूलरांशिवाय काही नाही. तिने पाऊल टाकलं.

कमरेला काहीतरी येऊन थडकलं, काठी उडाली आणि ती डाव्या हातावर पडली. इंजिन नाही, हॉर्न नाही. जणू भिंतच चालत आली होती. मग ब्रेकची चरचर, दार उघडल्याचा आवाज, आणि धावत आलेल्या एका तरुण पोराचं "सॉरी मॅडम, सॉरी, उठू नका, मी उचलतो!"

हा अंकुश. बुटीबोरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्या तिथे बनायच्या आणि त्यांतली एक तो शहरात चालवून बघत होता. गाडी हळू होती म्हणून थोडक्यात निभावलं. त्याने स्वतः उन्नतीला दवाखान्यात नेलं, यमुताईंना फोन केला, प्लास्टर होईपर्यंत तिथून हलला नाही. सगळं आटोपल्यावर बाकावर बसून म्हणाला, "मॅडम, एक गोष्ट मले समजून नाही राहिली. आवाज तर चालू होता."

"कोणता आवाज?"

बॅटरीच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून कंपनीने पुढच्या बंपरखाली एक छोटा भोंगा बसवला होता. गाडी हळू चालत असली की तो आपोआप गुणगुणायचा, 'ऊंऽऽऽ' असा एकसारखा, गोड. पायी चालणाऱ्याला कळावं म्हणून. तो आवाज अंकुशनेच तयार केला होता, तोही खास तुमच्यासारख्यांसाठी, असं तो म्हणाला.

"मला नाही आला," उन्नती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंकुश आपल्या साहेबांना घेऊन कामठीला आला. मनोहरराव ठाकरे, कारखान्याचे प्रमुख. आंबे आणले होते, दवाखान्याचा सगळा खर्च कंपनी करेल असं बसायच्या आधीच सांगितलं. यमुताईंनी पाणी दिलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग मनोहरराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "होते असं कधी कधी. दुपारची वेळ, ऊन. मॅडमचं लक्ष नसेल. त्यात कानाले दुपट्टा बांधला होता म्हणते अंकुश."

उन्नतीच्या अंगातून जणू वीज गेली. डोळस माणसाचं लक्ष नसलं तर त्याला ठेच लागते. तिचं लक्ष नसतं तर ती आज जिवंतच नसती. रस्त्यावर टाकलेलं एकही पाऊल तिने बेसावधपणे टाकलं नव्हतं, आयुष्यात.

ती काही बोलायच्या आत यमुताईच म्हणाल्या, "साहेब, मे महिन्यात नागपुरात कोणाच्या कानाले दुपट्टा नसते? तुमी गाडी बनवली ते काय उघड्या कानाच्या माणसासाठीच बनवली?"

मनोहरराव हसले. "तसं नाही ताई. आमच्या आवाजाची रीतसर तपासणी झाली आहे. पास झाला आहे तो."

"कुठे झाली तपासणी?" उन्नतीने विचारलं.

"आमच्याच ट्रॅकवर."

"कोणत्या महिन्यात?"

उत्तर अंकुशने दिलं, "डिसेंबरमध्ये."

खिडकीतला कूलर घरघरत होता. उन्नती म्हणाली, "अंकुश, तो आवाज तुमच्या मोबाइलमध्ये आहे का? लावा बरं. ऐकू तरी द्या मला."

ती वाट बघत राहिली. यमुताईही. मनोहररावांनी रुमालाने मान पुसली आणि जरा त्रासिकपणे म्हणाले, "लाव ना गा, काय पाहून राहिला?"

"साहेब," अंकुशचा आवाज एकदम बारीक झाला होता, "मघापासून लावलाय."

यमुताईंनी उठून कूलरचं बटण बंद केलं. पंखा मंदावत मंदावत थांबला आणि त्याच्या मागून, जणू तिथेच दडून बसला होता असा, तो गोड 'ऊंऽऽऽ' खोलीभर पसरला.

मनोहरराव हार मानणाऱ्यांतले नव्हते. खोली वेगळी, रस्ता वेगळा, असं त्यांचं म्हणणं. "ठीक आहे," उन्नती म्हणाली, "मग रस्त्यावरच या. त्याच गल्लीत, भर दुपारी. मी नाही उभी राहत, तुम्ही उभे राहा."

आणि ते आले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. दोन दिवसांनी टळटळीत उन्हात बुटीबोरीचे मनोहरराव ठाकरे सदरच्या गल्लीत डोळ्यांवर रुमाल आणि कानांवर पिंकीचा दुपट्टा बांधून उभे राहिले. शिंपी मशीन सोडून बघायला आला, इस्त्रीवाला आला. ठरलं एवढंच होतं की गाडी येताना ऐकू आली की हात वर करायचा. अंकुश गल्लीच्या टोकाकडून गाडी घेऊन निघाला. मनोहरराव मान इकडे तिकडे वळवत होते, पण हात वर जाईना. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली तरी ते ताठ उभे.

"सुरू करा ना गा," ते ओरडले. "काहून थांबले?"

इस्त्रीवाल्याने त्यांचा हात धरून पुढे केला, तेव्हा बोटं गाडीच्या तापलेल्या पत्र्याला लागली. त्यांनी झटकन हात मागे घेतला, रुमाल काढला आणि गाडीकडे बघत राहिले. मग उन्नतीजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं लक्ष होतं. मी चुकीचं बोललो." आणि लगेच विचारलं, "आता हे नीट कसं करायचं, ते आमच्यासोबत बसून ठरवाल का?"

उन्नतीला हेच हवं होतं. पण बोलायला जितकं सोपं तितकं ते नव्हतं, कारण एक गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. अपघातानंतर ती प्लास्टर घालून बँकेत रुजू झाली, पण गल्लीच्या तोंडाशी आली की तिचे पाय थिजायचे. कूलरांच्या त्या घरघरीत काय लपलं आहे, हे आता सांगता येत नव्हतं. यमुताई रोज कामठीहून तिच्याबरोबर यायच्या, हात धरून बँकेच्या दारात सोडायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. त्या काही बोलत नाहीत हेच उन्नतीला सहन होत नव्हतं.

कामाला लागायचं ठरलं आणि पहिली युक्ती तिनेच सुचवली. चेंडूचा आवाज. छर्ऱ्यांची खुळखुळ आपल्याला कुठूनही ऐकू येते, तीच गाडीला द्या. अंकुशने ती हुबेहूब तयार केली. रविवारी कामठीच्या मैदानावर संघातल्या सगळ्या पोरी जमल्या, कडेला दोन कूलर आणून लावले आणि गाडी फिरू लागली. आवाज सगळ्यांना ऐकू आला. पण पिंकी जागची हलली नाही, गाडी थेट तिच्यापुढे येऊन थांबली.

"ऐकू नाही आलं तुले?" उन्नती ओरडली.

"आलं ना वं! मले वाटलं भंगारवाला येऊन राहिला. त्याच्यासाठी काहून सरकू?"

सगळ्या पोरी पोट धरून हसल्या. उन्नतीही हसली, पण आतून खट्टू झाली. मग अंकुशने आवाज मोठा करून बघितला. मैदानाला लागून राहणाऱ्या एका बाईंनी गॅलरीतून विचारलं, "भाऊ, हे गाडी आमच्या दारात रोज सकाळी आली तर आमी झोपायचं कधी?" मोठा आवाज बाद झाला. शिट्टीसारखा बारीक आवाज लावला, तर गाडी आहे हे कळायचं, कोणत्या बाजूने येते ते कळायचं नाही. एक पोरगी उजवीकडे बोट दाखवायची, दुसरी डावीकडे, आणि गाडी समोर. आठवडा गेला. मनोहररावांचा फोन आला की गाडी बाजारात आणायची तारीख पुढे ढकलली आहे, घाई करू नका. पण फोन ठेवताना त्यांनी सोडलेला उसासा उन्नतीला स्पष्ट ऐकू आला.

आणि मग एका दुपारी वीज गेली.

रविवार होता. सुटीला आलेली मावशी, तिच्या मुली, सगळे जेवून कूलरपुढे आडवे झाले होते. उन्नतीला झोप नव्हती. ती प्लास्टरचा हात उशीवर ठेवून पडली होती. पंखा थांबला, घरघर विरली, आणि एकेक करून सगळे उठून बसले. मावशी डोळे चोळत म्हणाली, "काय झालं वं?" शेजारच्या घरातही कोणी उठलं, त्याच्या पलीकडेही. सगळी आळी जागी झाली.

उन्नती ताडकन उठून बसली. इतका वेळ एवढा मोठा आवाज चालू होता, तर सगळे घोरत होते. तो थांबला तसे जागे झाले. कानाला आवाज जागं करत नाही, बदल जागं करतो! चेंडू तरी तिला का कळतो? मोठा आहे म्हणून? छे. तो येता येता बदलतो. जवळ येतो, टप्पा पडतो, वेग धरतो. अंकुशचा 'ऊंऽऽऽ' कूलरसारखा होता. चालू झाला की तसाच. कान त्याला दुसरा कूलर समजून सोडून देत होता.

तिने लगेच अंकुशला फोन लावला. तो जेवत असावा, तोंडात घास होता. "अंकुश, आवाज मोठा नको, गोडही नको. तुटक पाहिजे. आणि गाडीच्या चालीप्रमाणे बदलला पाहिजे. हळू असली की सावकाश, जोरात आली की घाईघाईत. आणि जरा खरखरीत करा, म्हणजे बाजू कळेल."

पलीकडे घास गिळल्याचा आवाज आला. "मॅडम, मी जेवण सोडून निघून राहिलो."

"जेवून निघा," उन्नती म्हणाली, पण फोन बंद झाला होता.

पुढचे दिवस मैदानावर कोणी घरी जायचं नाव घेईना. अंकुश मांडीवर लॅपटॉप घेऊन गाडीत बसायचा, पोरी कूलरपुढे उभ्या राहून ओरडायच्या. "अजून खरखर पाहिजे!" "हे तं बेडकासारखं वाटते!" "आता मागून आली, कळलं मले!" शेवटी जो आवाज ठरला तो 'घुर्र... घुर्र... घुर्र' असा होता, फार मोठा नाही, फार सुरेलही नाही. गाडीने वेग घेतला की घुर्र-घुर्र-घुर्र एकमेकांच्या पाठी लागायचे. त्यात खरखर होती म्हणून कुठून येतो तेही कळायचं. गॅलरीतल्या बाईंना बोलावून ऐकवलं. त्या म्हणाल्या, "याच्यानं कोणाची झोप नाही मोडत."

नवतपा लागला, नागपूरच्या उन्हाळ्यातले सगळ्यात जाळणारे दिवस. गल्लीतले सगळे कूलर दुपारी पूर्ण जोरात असायचे. उन्नतीने शेवटच्या परीक्षेसाठी नेमका तोच काळ मागून घेतला.

गल्ली भरून गेली. संघातल्या पोरी दुपट्टे गुंडाळून एका कडेला उभ्या राहिल्या. त्यांच्या रांगेत डोळे बांधून शिंपी उभा राहिला, इस्त्रीवाला, औषधवाला, बँकेतले सहकारी, आणि मनोहरराव न सांगता पुन्हा येऊन उभे राहिले. अंकुश कोणत्या टोकाकडून येणार हे कोणालाच सांगितलं नव्हतं. कूलर घरघरत होते. उन्नती औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती, यमुताईंच्या हातात हात.

घुर्र... घुर्र...

"डावीकडून!" पिंकी ओरडली आणि तिचा हात वर गेला. मागोमाग सगळ्या पोरींचे हात, मग शिंप्याचा, मग मनोहररावांचा, तोही बरोबर डावीकडे. गाडी गेली, वळून दुसऱ्या टोकाने आली. हात पुन्हा वर. मग अंकुशने वेग वाढवला, आणि इस्त्रीवाला डोळे बांधलेले असतानाच दोन पावलं मागे सरकला. "अरे बाप्पा, जोरात येऊन राहिली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनोहररावांनी रुमाल न सोडताच हवेत मूठ उगारली.

उन्नतीने टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाली, "आई, हात सोड."

यमुताईंची पकड घट्ट झाली. "आत्ता?"

"आत्ताच."

हात सुटला. उन्नतीने काठी उघडली आणि ज्या कोपऱ्यावर ती पडली होती तिथे जाऊन उभी राहिली. "अंकुश," ती ओरडली, "पाहिजे तशी चालवा. मला सांगू नका."

पाय थिजले होते. छातीत धडधडत होतं, आणि ते धडधडणं कूलरपेक्षा मोठं आहे की काय असं तिला वाटून गेलं. मग उजवीकडून, लांबून, घुर्र... घुर्र... ती ऐकत राहिली. आवाज घाई करू लागला. ही जोरात आहे, हिला जाऊ द्यायचं. गाडी तिच्यापुढून गेली, गरम वारा अंगावर आला. वळली. पुन्हा आवाज, आता सावकाश, लांब लांब तुटक, आणि हिच्या आधी सहज पलीकडे जाता येतं हे तिला कळलं. विचार करावा लागला नाही. चेंडूचा टप्पा कळतो आणि बॅट निघते तशी ती निघाली. काठी टकटक करत, मान वर, न थबकता, गल्लीच्या पलीकडे. तिचा पाय पलीकडच्या फरशीला लागला आणि गाडी तिच्या पाठीमागून आरामात गेली.

जो गलका उठला त्यात कूलरही ऐकू येईनासे झाले. पिंकीने शिट्टी मारली. संघातल्या पोरी एकमेकींचे खांदे धरून नाचू लागल्या. उन्नती वळली आणि त्याच वाटेने परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. उगाच, नुसती, लहान पोरीसारखी. चौथ्यांदा निघाली तेव्हा यमुताई रडत रडत ओरडल्या, "पुरे वं पोट्टे! ऊन लागंल!"

पावसाळ्यात तिचं प्लास्टर निघालं. ती रोज एकटीने बँकेत जाऊ लागली आणि यमुताई पुन्हा फक्त थांब्यापर्यंत यायला लागल्या. दिवाळीच्या आधी नव्या आवाजाच्या गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. पहिल्या काही गाड्या नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या एका गोदामाने घेतल्या होत्या. मनोहररावांनी उन्नतीला हिरवा झेंडा दाखवायला बोलावलं. ती म्हणाली, "झेंडा तुम्ही दाखवा. मला पहिल्या गाडीत बसायचंय."

म्हणून त्या सकाळी अंकुशच्या शेजारी, खिडकीची काच पूर्ण खाली करून, ती वाडीला गेली. अमरावती रोडवर ट्रक गर्जत होते. गोदामांच्या आवारात गाडी वळली तेव्हा वेग कमी झाला आणि बंपरखालून घुर्र... घुर्र... सुरू झालं. उन्नती कान देऊन बसली. कुठेतरी पुढे माणसं पोती उतरवत होती, हसत होती, एकमेकांना हाका मारत होती. त्यांना ती माहीत नव्हती, संघ माहीत नव्हता, सदरची गल्लीही नाही.

मग त्यांतला एक जण, हातातलं काम न थांबवता, सहज दुसऱ्याला म्हणाला, "सरक गा, गाडी येऊन राहिली."

चपलांचा आवाज बाजूला झाला. गाडी पुढे गेली.

उन्नतीने खिडकीबाहेर हात काढला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.